आज काही न्हाई, ताई

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मशीनवर एका नवरीचं ब्लाऊज होतं. एक बाही लागली होती, दुसरी लावायची होती. फोन शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या रमेशचा. "मंगलवहिनी, सोपाननाना गेले. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला अन् गेले," एवढंच बोलला. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि बाही लावून टाकली... उलटी. उसवली, परत लावली, परत उलटी. पंचवीस वर्षं झाली मला शिवायला, माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरीसुद्धा अशी चूक करत नाहीत. मंग कात्री ठेवली, मशीनवर कपडा टाकला, शटर अर्धं ओढलं आणि चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

त्याला आता दीड महिना होत आला. पुरवणीत लोक मोठ्या माणसांवर लिहितात, ते मी वाचते. सोपाननाना कुणी मोठे नव्हते. आमच्या तीर्थपुरीच्या बाजारात ते एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते, पिग्मी म्हणजे रोजची बचत. दिवसभराच्या गल्ल्यातून पन्नास, शंभर, जे जमेल ते बाजूला काढायचं. संध्याकाळी संस्थेचा माणूस येतो, हातातल्या छोट्या मशीनमधून चिठ्ठी काढून देतो आणि पैसे नेतो. आमच्यासारख्यांना बँकेच्या रांगेत उभं राहायला फुरसत कुठली? नाना बरोबर पाचला यायचे. बारा दुकानांची त्यांची फेरी आणि पहिलं दुकान माझं. सायकल गिरणीच्या भिंतीला टेकवायचे, माझ्या पायरीवर येऊन खाकरायचे. बायामाणसांचं दुकान म्हणून आत पाऊल टाकायचे नाहीत. "ताई, जल्दी करा, अजून अकरा दुकानं राह्यलीत." आणि एवढी घाई असलेला हा माणूस, चहा टाकलाय म्हटलं की पायरीवर असा बसायचा की पंधरा मिनिटं हलायचा नाही. अर्धा कप चहा, साखर जास्त. मी म्हणायचे, "नाना, शुगर होईल." ते म्हणायचे, "होऊ द्या. पिग्मीवाल्याच्या अंगात तेवढं तरी जमा राहू द्या."

आधी ते एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या मोजायचे. जिनिंग बंद पडली, तिथला हिशेब मिळाला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणूस सायकलवर बसून पिग्मी गोळा करायला लागला. काट्यावरची एक खोड मात्र त्यांच्या अंगाला चिकटून आली होती. दिसेल तिथं आकडे लिहायचे. खिशाला निळा मार्कर कायम. जिनिंगमध्ये म्हणे पावती उडून गेली तर वजन सापडावं म्हणून ते भिंतीवर लिहून ठेवत. तेच इथं. रमेशच्या गिरणीच्या भिंतीवर, हॉटेलवाल्याच्या पत्र्यावर, बांगड्यावाल्या आजीच्या कपाटाच्या दाराच्या आतून, जिथं जागा दिसेल तिथं त्या त्या माणसाच्या ठेवपावतीचा नंबर. "कागद हरवतो, भिंत हरवत न्हाई," हे त्यांचं पेटंट वाक्य. माझ्या दुकानाला तेव्हा नुकताच रंग दिला होता, अबोली रंग, माझ्या आवडीचा. नानांनी मार्कर काढला आणि मी टेप आपटला. "नाना, माझ्या भिंतीवर एक रेघ जरी ओढली तर याद राखा. चहा बंद." त्यांनी मार्कर खिशात घातला. "बिलकुल न्हाई, ताई. भिंतीला हात लावणार न्हाई." आणि माझा विषय तिथं संपला.

पिग्मीचं वर्ष भरलं की नाना ती रक्कम मुदत ठेवीत टाकून द्यायचे. व्याज बँकेपेक्षा जास्त. असं करत करत माझ्या नावावर बऱ्यापैकी पैसा झाला. माझी आरती नर्सिंगला जाणार, तिच्या फीसाठी. आमच्या मालकांची दोन एकर शेती खाण्यापुरती; फी भरायची ती माझ्या मशीननंच, हे मला आरती चौथीत असल्यापासून पक्कं माहीत होतं. सगळ्याची मिळून एकच पावती नानांनी हातात ठेवली त्या दिवशी मी तिला पेढे आणून दिले होते. आता त्या पावतीचं मी काय केलं ते सांगते, हसू नका. दिवाळीला लक्ष्मीपूजनाला आमच्याकडं पैसा मांडतात. माझ्याकडं नोटा किती असणार? मी पावतीच मांडली. लाह्या, बत्तासे, झेंडू आणि मधोमध पावती. वहीला जसं माथ्यावर हळदीकुंकू लावतात तसं पावतीच्या माथ्यावर लावलं, पाण्यात बोट बुडवून, चांगलं ठसठशीत. एका दिवाळीला नाही, तीन दिवाळ्या. बांगड्यावाल्या आजीनं तेच केलं, हॉटेलवाल्याच्या बायकोनंही तेच. पावतीचा नंबर नेमका माथ्यावरच छापलेला असतो, हे लक्ष्मीला माहीत असेल, आम्हाला कुठं माहीत!

मंग ते झालं, जे तुम्ही पेपरात कितीदा वाचलंय. एका सकाळी शाखेला कुलूप. मॅनेजरचा फोन बंद, मुख्य कार्यालयाचा फोन बंद. शाखेसमोर सगळा बाजार गोळा झाला होता आणि पायरीवर सोपाननाना बसले होते, गुडघ्यात मान घालून. पळून गेले नव्हते. पळायचं त्यांच्या मनातही आलं नसेल. पण मला त्या घडीला पायरीवर तेवढा एकच माणूस दिसत होता, ज्याला बोलता येईल. मी सगळ्यांसमोर बोलले. "संस्थेला कोण वळखतं, नाना? आम्ही तुमच्या तोंडाकडं पाहून पैसे टाकले. माझ्या आरतीच्या तोंडचा घास खाल्ला तुम्ही!" आणखीही बोलले, ते इथं लिहीत नाही. माझी जीभ कशी आहे ते तीर्थपुरीला माहीत आहे. नानांनी मान वर केली. "बराबर हाय, ताई. बोला," म्हणाले. बोला म्हटल्यावर मी आणखी बोलले. जिनिंगचा मिळालेला सगळा पैसा त्यांनीही त्याच संस्थेत ठेवला होता, हे मला खूप नंतर कळलं. त्यांनी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता पायरीवर खाकरण्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही. नाना म्हणाले, "ताई, आज काही न्हाई." म्हणजे आज पैशाची काही बातमी नाही. आणि गेले रमेशकडं. तिथंही तेच. बाराच्या बारा दुकानांत जाऊन हा माणूस सांगून आला, आज काही न्हाई. मला वाटलं, दोन दिवस करतील, लाज गेली की थांबतील. पण तिसऱ्या दिवशी आले, चौथ्या दिवशी आले, पावसात आले, पोळ्याला आले. दिवाळीच्या पाडव्याला धुतलेला सदरा घालून आले आणि सांगून गेले, आज काही न्हाई. वर्ष उलटलं. कधी "पोलिसांनी माझ्या वह्या नेल्या, ताई," कधी "आज जालन्याला मोर्चा हाय म्हणून राह्यलेत, जायचं का?" बाकी रोज तेच. मी चहा विचारला नाही. एकदाही नाही. वर्षभर तो माणूस माझ्या पायरीवर उभा राहून, आत चहाचा वास येत असताना, तेवढं वाक्य बोलून गेला... आरतीची फी मी माझं पिको-फॉलचं मशीन विकून आणि भावाकडून उसने घेऊन भरली होती, तो राग माझ्या हातापायांत होता. राग होता हे खरं. तरी अर्धा कप चहा काही महाग नव्हता, हेही तेवढंच खरं.

एक दिवस पाच वाजून गेले आणि कुणी खाकरलं नाही. मी रमेशला म्हटलं, "दमले वाटतं तुमचे नाना. आता यांनीही तोंड लपवलं." रमेश माझ्याकडं बघतच राहिला. "वहिनी, नानांना लकवा मारला ना काल. उजवं अंग गेलं. वाचा गेली." मी परत मशीनवर बसले. भेटायलाही गेले नाही. जायला तोंड कुठं होतं?

आणि नेमकं पुढच्याच महिन्यात काहीतरी झालं. संस्थेवर सरकारनं अवसायक नेमला. म्हणजे बुडालेल्या संस्थेची मालमत्ता विकून ठेवीदारांचं देणं भागवणारा अधिकारी. त्यानं दावे मागवले. अर्ज, मूळ पावती, आधार, बँकेचं पासबुक, आणि शेवटची तारीख. आम्ही बारा दुकानांतली माणसं एकत्रच जालन्याच्या गाडीत बसलो. अंबडपर्यंत तर मी उभीच होते. तिथल्या खिडकीतला मुलगा चांगला होता, बोलायला नरम. त्यानं माझी पावती दोन बोटांत धरली. "मावशी, यावर काय सांडलंय?"

"सांडलं न्हाई, लावलंय. हळदीकुंकू हाय."

"पावतीला?"

"लक्ष्मी हाय ना ती."

"लक्ष्मी असेल, मावशी, पण नंबर दिसत नाही. यादीत सारख्या नावाच्या पाच-पाच बाया आहेत. नंबराशिवाय मला दावा घेता येत नाही. शुक्रवारपर्यंत नंबर आणा, मी घेतो."

त्यानं भिंगातून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. कुंकवाखाली कागद कुजून गेला होता, दमटपणानं वर बुरशी आलेली. माझ्या पाठोपाठ बांगड्यावाली आजी, तिच्याही पावतीची तीच गत. हॉटेलवाल्याचीही. त्या खिडकीसमोर आम्ही तीर्थपुरीची भाविक मंडळी अशी रांगेनं उभी होतो.

परतीच्या गाडीत हॉटेलवाला एकदम म्हणाला, "अरे, माझा नंबर पत्र्यावर हाय की! नानांनी लिहिल्ता!" सगळे उजळले. आजीचा कपाटाच्या दारावर होता. बाकीच्यांचाही कुठं ना कुठं होताच. संध्याकाळी गावात उतरल्या उतरल्या जो तो आपापल्या भिंतीकडं धावला. मी माझ्या दुकानात जाऊन दिवा लावला. चार भिंती, अबोली रंग, एक रेघ नाही. स्वच्छ! मी तिथं खाली बसले. माझ्याच तोंडानं मी माझं नुकसान करून घेतलं होतं. आरतीचे पैसे त्या कुंकवाखाली होते आणि शुक्रवारला तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या घरी गेले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, दार उघडलं. मला वाटलं होतं त्या बोलतील. त्या म्हणाल्या, "ये बाई." नाना बाजेवर होते. अंगानं निम्मे झालेले. डोळे मात्र तेच. आणि मी, देवा, त्यांना कसे आहात असंसुद्धा विचारलं नाही. घाईघाईनं म्हणाले, "नाना, माझ्या पावतीचा नंबर! तुम्हाला आठवतो का? सगळ्यांचा भिंतीवर हाय, माझाच न्हाई." नाना काहीतरी बोलायला गेले, नुसता घशातून आवाज निघाला. मंग त्यांनी डावा पाय हलवायला सुरुवात केली. टाच खाली, चवडा खाली, टाच, चवडा. काकू म्हणाल्या, "पायाला असा झटका येतो मधूनमधून." नानांनी मान हलवली, न्हाई न्हाई, आणि पाय आणखी जोरात हलवला. माझ्याकडं बघत. मला काही कळेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं की कशाचं कोण जाणे. मी पाय चेपून दिला, त्यांना दुखतं असं वाटून, आणि निघून आले.

गुरुवारी सकाळी मी दुकान उघडलं. काम सुचत नव्हतं, पण गिऱ्हाइकाचं ब्लाऊज द्यायचं होतं. मशीनवर बसले, पायडलवर पाय ठेवला. टाच खाली, चवडा खाली... आणि पाय तिथंच थांबला. मी खुर्ची मागं ढकलली आणि पन्नाशीची बाई फरशीवर उताणी पडले, मशीनच्या पाटाखाली. वर लाकडाला निळा मार्कर. पावतीचा नंबर, ठळक, नानांच्या त्या टपोऱ्या आकड्यांत. आणि खाली एक ओळ, "भिंतीवर न्हाई लिहिलं ताई. रागवू नका." एवढी वर्षं मी त्यावर हात ठेवून शिवत होते. कधी लिहिलं असेल? मी आत चहा गाळत असेन तेव्हाच. त्यासाठी तर या माणसाला एकदा तरी दुकानात पाऊल टाकावं लागलं असणार. मी तिथंच पडल्या पडल्या हसायला लागले आणि मंग हसू कधी फिरलं ते कळलं नाही. रमेश गिरणी बंद करून धावत आला, त्याला वाटलं मला शॉक लागला.

शुक्रवारी दुपारी माझा दावा दाखल झाला. त्या मुलानं पोचपावतीवर शिक्का मारला आणि म्हणाला, "मावशी, आता हिला कुंकू लावू नका." मी गाडीतून उतरले ती थेट नानांच्या घरी गेले. तेव्हा पाचच वाजले असतील. त्यांच्या बाजेजवळ उभी राहिले. क्षमा मागायची असं गाडीत शंभरदा घोकलं होतं, पण ती माझ्या जिभेला सवय नाही. मी शिक्का त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हटलं, "नाना, आज हाय काहीतरी." ते कितीतरी वेळ त्या कागदाकडं बघत होते. मंग डावा पाय हळूच हलला, टाच, चवडा. या वेळी मला बराबर कळलं. आमची तीच शेवटची भेट. पुन्हा जायचं, जायचं म्हणत लग्नाच्या ब्लाऊजांत दिवस गेले.

दहाव्याला काकूंनी मला एक गोष्ट सांगितली. मला नेहमी वाटायचं, ते "आज काही न्हाई" म्हणजे नुसती रीत, देवळात घंटा वाजवावी तशी. काकू म्हणाल्या, "तसं न्हाई बाई. रोज चार वाजता फोन लावायचे. आधी पोलिसांत, मंग जालन्याच्या सहकार खात्याच्या हापिसात. तिकडचे साहेब लोक चिडायचे. हे म्हणायचे, साहेब, मला फक्त हाय का न्हाई एवढंच सांगा, पाच वाजता बारा दुकानांत सांगायचं हाय." म्हणजे प्रत्येक "न्हाई" त्यांनी विचारून आणलेलं होतं. शिव्या खाऊन आणलेलं होतं. आणि मी मान वर करत नव्हते.

पैसे अजून आलेले नाहीत. खरं ते सांगते. दावे मंजूर झाल्याची यादी लागली, त्यात आम्हा बारा जणांचीही नावं आहेत. नानांचंही आहे. मालमत्ता विकायची आहे, कुणीतरी कोर्टात गेलंय, तारीख पडते. आरतीचं शेवटचं वर्ष आहे, भावाचे पैसे द्यायचे आहेत. रोज पाच वाजता माझा हात आपोआप थांबतो आणि कान पायरीकडं जातो. दहाव्यानंतर तीन-चार दिवस मी ते सोसलं. पाचव्या दिवशी चार वाजता मीच त्या खिडकीतल्या मुलाला फोन लावला. त्यानं नंबर दिला होता, बिचारा. तो म्हणाला, "मावशी, आज काही नाही." मी मशीनवर कपडा टाकला आणि पायरी उतरले.

आधी रमेश. "रमेशभाऊ, आज काही न्हाई." त्यानं पट्टा बंद केला आणि नुसती मान हलवली. मंग हॉटेल. मंग पुढचं दुकान. एकदोघं हसले, हसू देत. बांगड्यावाली आजी टोपलीत कागद टाकत बसली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "बरं केलंस बाई. नाना पडल्यापासून न्हाई म्हणायला पण कुणी आलं न्हाई." त्या दिवसापासून मी रोज जाते. नानांची बारा दुकानं होती. त्यांतलं माझं वजा केलं तर अकरा राहतात, पण मीही बाराच करते. बारावं घर नानांचं. ठेवीदार तेही आहेतच की.

पहिल्या दिवशी तिथं गेले तेव्हा पायरीवर उभी राहून खाकरले. काकू दारात आल्या. "काकू, आज काही न्हाई," मी म्हटलं आणि वळले.

"अगं, उभ्या उभ्या कुठं चालली? बस. चहा टाकते," काकू म्हणाल्या. मी पायरीवर बसले. आतून भांड्याचा आवाज आला, स्टो पेटला, आणि त्यांनी विचारलं, "किती टाकू गं?"

"अर्धा कप," मी म्हटलं. "साखर जास्त."